पुरस्काराची फोड

देवरुखच्या निर्मलाबाई आठल्ये शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झाल्या आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःच आपला कथासंग्रह छापला. महिनाभरातच कुठल्याशा 'विश्वसाहित्य महामंचा'चे अध्यक्ष सोनटक्के उपरणं सावरत गावच्या वाचनालयात हजर झाले. भरल्या सभेत त्यांनी जाहीर केलं, "बाईंच्या या थोर कादंबरीला आमचा विश्वगौरव पुरस्कार! शाल आमची, श्रीफळ आमचं. बाईंनी फक्त चाळीस हजार सहभाग शुल्क आजच भरायचं."

गावाने टाळ्या पिटल्या. 'कादंबरी' ऐकून बाईंच्या भुवया मात्र वर गेल्या.

"बाई, अशी संधी सोडू नका!" सोनटक्क्यांनी घाई केली.

"छे हो, मी संधी सोडत नाही, सोडवते," असं म्हणत बाईंनी सुविचाराच्या फळ्यावर लिहिलं: पुरस्कार = पुरः + कार.

"पुरः म्हणजे पुढे. पैसे भरायचे मी, आणि कार उभी राहायची तुमच्या दारापुढे. सुटली की नाही संधी?"

सभा खो खो हसत सुटली. सोनटक्के शाल गुंडाळून दाराकडे वळले, तेव्हा बाईंनी टेबलावरचं श्रीफळ उचललं आणि सगळ्यांदेखत अध्यक्षांनाच नारळ दिला.