धुरटेकावरची चूल

कोंढारपेठेच्या उगवतीला जो बोडका टेक दिसतो ना, तो धुरटेक. त्याच्या माथ्यावर तीन दगड आहेत, चुलीसारखे मांडलेले, आतून काळे. पेठेत कुणीही नवं घर बांधलं, तरी त्यातली पहिली चूल घरधनीण पेटवत नाही. घर बांधायला जी बाई राबली तिच्या हातून ती पेटते. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. पण त्यामागे ठकू लोणारणीची गोष्ट आहे, आणि ती गोड नाही.

फार मागली गोष्ट. तेव्हा इथं चार आळ्यांचं गाव होतं. नागशेट महाजनाच्या मनात आलं, की इथं पेठ वसवावी. तेली यावेत, कोष्टी यावेत, बाजार भरावा, गावाचं शहर व्हावं. व्यापाऱ्यांकडे माणूस धाडला, तर ते म्हणत, आधी बाजार सुरू होऊ दे, मग येतो. सुभ्याकडे गेला, तर सुभेदार म्हणे, आधी माणसं नांदू देत, मग बाजाराची सनद देतो. नागशेट दोन्हीकडून अडला. शेवटी सुभेदारानं सांगितलं, दसरा झाला की माझा कारकून येईल, टेकावर उभा राहून धूर बघेल. जिथं धूर तिथं चूल, जिथं चूल तिथं नांदतं घर.

मग नागशेटनं घरं उठवायला काढली. ओळीनं, सरळ, मधून गाडी जाईल एवढा रस्ता सोडून. चुना मळायला लोणारी आणले. त्यांत ठकू होती. नवरा परांचीवरून पडून त्याच कामात गेलेला. मागे एक लेक, जनी. तिचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर गेला तो परतलाच नाही, आणि तिला दिवस राहिलेले. मायलेकी पालात राहायच्या. ठकूला दुसरं काही नको होतं. लेकीचं बाळंतपण तेवढं पालात होऊ नये.

एकदा तिनं धीर करून नागशेटला गाठलं. तो खुशीत होता. म्हणाला, "ठकू, तुझ्या लेकीचं बाळंतपण पक्क्या छपराखाली होईल. नागशेटचा शब्द आहे."

चुना मळायच्या घाणीवर तुळसा म्हणून एक बाई होती, तोंडाची फटकळ. ती हसली. "अगं, म्हाजनाचा शब्द म्हंजी भित्तीवरचा चुना. वाळला की पोपडं धरतो."

"मी मळलेला चुना पोपडं धरत न्हाई, तुळसे," ठकू म्हणाली, आणि पुन्हा फावडं हातात घेतलं.

दसरा झाला. घरं उभी राहिली, पण आत माणूस नाही. नागशेटनं काय केलं, राबणाऱ्या सगळ्यांना त्या दिवसापुरतं एकेका घरात घातलं. चुली पेटवा म्हणाला, ओल्या गोवऱ्या घाला, धूर दाट निघू दे. आणि माळावरची त्यांची पालं पहाटेच उपटून टाकली, कारकुनाच्या नजरेला घाण दिसू नये म्हणून.

ठकूच्या वाट्याला कोपऱ्यावरचं घर आलं. तिनं चूल पेटवली, भाकरी थापली, पहिली भाकरी जनीच्या हातावर ठेवली. भिंतीवरून हात फिरवला. तिच्याच हातचा गिलावा होता तो. तिला वाटलं, शब्द खरा झाला. कारण या मुलखाचा जुना रिवाज होता, नव्या घरात पहिली चूल ज्याच्या हातची, ते घर त्याचं. नागशेट घाईत होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कारकुनानं टेकावरून बघितलं. सगळ्या ओळींतून धूर. मान डोलावली, सनद दिली, घोड्यावर बसून गेला. इकडे जनीला कळा सुरू झाल्या.

तेवढ्यात नागशेटची माणसं दारोदार आली. "चला, निघा बाहेर. झालं काम."

बाकीचे निघाले. ठकू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. मग नागशेट स्वतः आला.

"शेट, पोरीला कळा लागल्यात. आजची रात काढू द्या."

"इथं बाळंतीण? अगं, उद्या तेलाचे व्यापारी गृहप्रवेशाला येतायत. सोयर-विटाळाच्या घरात पाऊल टाकतील का ते?"

"पर चूल माझ्या हातची हाय. रिवाजानं घर माझं हाय."

रस्त्यावरचे लोणारी थबकले. पाथरवट थांबले. नागशेटनं मागं वळून बघितलं, तर जो तो आपापल्या दाराकडे बघत होता. त्याच्या लक्षात आलं. एक घर गेलं की ओळच्या ओळ जाणार. तो तसाच वळला. आत शिरला, कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि पेटल्या चुलीत ओतली. चूल फसफसली, घर राखेनं भरलं. आत जनी ओरडली.

"आता सांग," नागशेट म्हणाला, "कुणाची चूल?"

पेटल्या चुलीवर पाणी आपल्याकडे वैरीसुद्धा ओतत नाही. पण त्यानं ओतलं, आणि एक माणूस बोलला नाही. तुळसादेखील नाही.

ठकूनं चिखल झालेली राख हातानं उकरली. तळाशी एक निखारा जिवंत होता. तो तिनं पदरात घेतला. पदर जळला नाही म्हणे. जनीला घोंगड्यात घातलं आणि दोघी-चौघींनी मिळून टेकावर नेलं, कारण पालं राहिली नव्हती आणि माळावर आता व्यापाऱ्यांच्या गाड्या येऊन सुटायच्या होत्या. हस्ताचा पाऊस उलटून आला. दिवेलागणीच्या आत जनी गेली, पोटातलं पोरही गेलं. ठकूनं तीन दगड मांडले, निखारा त्यांत ठेवला आणि पेठेकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. पूजा झाल्या, चुली मांडल्या. पण सांगतात की एकही पेटेना. चकमक झडे, काटकी धरे, नव्या चुलीत ठेवली की विझे. जुन्या गावातून विस्तव आणला, तो उंबऱ्यावर काळा पडे. पोरं कोरडं पीठ फाकू लागली. तेल्यांनी घाणे परत गाड्यांवर चढवले. पेठ वसायच्या आधी उठायला आली.

तेव्हा नागशेट अनवाणी टेक चढला. तिच्या पायाशी पागोटं ठेवलं. म्हणाला, "कोपऱ्यावरचं घर घे. हवं ते घे."

ठकूनं पागोट्याकडे बघितलं नाही. "आता कुणासाठी घिऊ, शेट? उठा. लोकांची पोरं उपाशी मारून माझी जनी येत न्हाई."

तिनं निखारा उचलला. दारोदार फिरली, वाकली, फुंकर घातली, एकेक चूल पेटली. धूर वर चढला, पोरांच्या तोंडात घास गेला. कुणी तिला पाटावर बसवलं नाही. शेवटी ती कोपऱ्यावरच्या घरात आली. तिथं आता तेलाच्या व्यापाऱ्याची बायको उभी होती. चूल पेटली तशी बाईनं हात जोडले. खण दिला, गूळ दिला. मग म्हणाली, "उपकार झाले हो बाई. पण आता उन्हं उतरायच्या आत निघा. बाळंतीण मेली तिच्या आईला आमच्यात दिवेलागणीला घरात ठेवत नाहीत."

ठकूनं भिंतीवर हात ठेवला. "चांगली वाळलीया," म्हणाली. "पोपडा न्हाई धरायची." आणि गेली. टेकाच्या पलीकडे तिला कुणी पाहिलं नाही.

पुढं नागशेटनं दवंडी पिटली, पेठेत नवी चूल राबणाऱ्या बाईच्याच हातून पेटेल. ठकूला मान दिला, असं त्याच्या घरचे अजून सांगतात. पण दवंडीतलं दुसरं वाक्य ते सांगत नाहीत. पहिली चूल ज्याच्या हातची घर त्याचं, हा रिवाज त्याच दवंडीनं मोडला. पेटवायची, खण घ्यायचा, निघायचं.

आता पेठेचं शहर झालं. वळणरस्त्याला उंच इमारती उठल्या, अर्ध्या अजून रिकाम्याच. सरकारी माणसं घरं मोजायला येतात, योजना आखतात, आणि सगळं एका नजरेत दिसतं म्हणून धुरटेकावरच उभी राहतात. आजही गृहप्रवेशाला कामावरची बाई बोलावतात. ती पदर खोचून गॅस पेटवते, दूध उतू जातं, सगळे टाळ्या वाजवतात. खण देतात, पेढा देतात, आणि कुणीतरी खिडकीतून ऊन बघतं. बाई ओळखते. कडेवरचं पोर सावरत जिना उतरते आणि टेकाच्या मागच्या उतारावर जाते, जिथं बांधकामावरच्यांची पालं आहेत. तिथंही सांजेला चुली पेटतात. पण मोजणारे शहराकडे तोंड करून उभे असतात. पाठीमागचा धूर आजही कुणी मोजत नाही.