मोठ्या प्रोबची हाळी

"संध्याकाळपर्यंत टाकीच्या आतल्या पांढऱ्या थराची जाडी सांगा! टाकी कापायची नाही, ओरखडाही काढायचा नाही. आणि मापायचं ते मोठ्या प्रोबनंच! नाही जमलं तर तात्या, उद्यापासून घरी बसा!"

प्लॅस्टिकच्या टाक्यांचे कारखानदार रणधीरराव गरजले. प्रोब म्हणजे थरात बारीक आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र. ते दोन होते, एक लिंबाएवढा, दुसरा हरभऱ्याएवढा. खंडेनवमीला मालकांनी मोठ्याला हळदकुंकू वाहिलं आणि धाकट्याला खेळणं म्हणून कपाटात कोंडलं. पूजा ज्याची, काम त्याचं, हा त्यांचा कायदा! अशा हट्टापुढे कोण काय बोलणार?

मापाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या तात्यांनी दुपारपर्यंत मोठ्या प्रोबनं मापून पाहिलं. थर पातळ, आकडा दर वेळी वेगळा. त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून पॅकिंगमध्ये काम करणारी, पण बापाचं मापणं रोज बघणारी त्यांची लेक वैजयंता तडक मालकांपुढे उभी राहिली.

"मालक, तुमच्यासारखा आवाज पंचक्रोशीत न्हाई! त्या गोदामाच्या भिंतीला जरा हाळी द्या की."

मालक खूश! छाती फुगवून ओरडले, "ओऽऽऽऽ!"

"भिंत काय म्हणाली?"

"काही नाही!"

"आता एकच टाळी वाजवा."

टाळी वाजली आणि भिंतीकडून लगेच दुसरी आली.

"भिंत मघाशीबी बोलली हुती, मालक. पण तुमचं 'ओ' चालूच हुतं, त्यात तिचं बोलणं बुडालं! मोठ्या प्रोबचं तसंच हाय. पातळ थराचं उत्तर झटक्यात येतं, तवा ह्यो अजून वरडतच असतो. धाकटा टाळीगत बोलतो आणि गप बसतो."

"पण पूजा मोठ्याची झालीय!"

"घरात पूजा गणपतीची करता, म्हणून भाकरी त्यालाच थापायला लावता व्हय?"

भोवती जमलेले कामगार खाली माना घालून हसू दाबू लागले. मालकांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली. तात्यांनी धाकटा प्रोब टेकवला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा, आकडा तोच!

मालकांच्या भुवया चढल्या. "काय गं, मीच ओरडत असतो म्हणून मला जवळच्यांचं ऐकू येत नाही, असं म्हणायचंय तुला?"

"मी प्रोबचं बोलले, मालक. तुमचं काय ते भिंतीला विचारा... पण टाळी वाजवून!"

रणधीरराव पोट धरून हसले. "तात्या, तुम्ही कुठं जाऊ नका! आणि ही पोरगी आजपासून पॅकिंगमध्ये नाही, तुमच्याबरोबर मापाच्या टेबलावर!"