महाराजांचं तारण

फार पूर्वी एका रानात म्हातारं कासव न्यायनिवाडा करी. फिर्याद करणाऱ्याने आधी तारण ठेवायचं. तो हरला, तर समोरच्याला भरपाई त्यातून मिळे. खारीनेही एकदा निम्म्या चारोळ्या तारण ठेवल्या होत्या.

पुढे सिंहाने तिच्याच ढोलीवर हक्क सांगितला. खारीने विचारलं, "महाराजांचं तारण कुठंय?"

"अगं, अख्खं रान त्यांचं," कासव म्हणालं. "ते काय पळून जाणारेत?"

खटल्यापायी खारीचा चारोळीचा हंगाम बुडाला, पण ती जिंकली. मग भरपाईसाठी गुहेपाशी खेटे घालून घालून तिच्या पायांचे तुकडे पडले. सिंह रोज जांभई देत म्हणे, "बघू."

शेवटी खार कासवापुढे कडाडली, "अहो, पळणाऱ्याला निदान गाठता तरी येतं! हे रोज समोरच बसलेले असतात!"