नवसूचा पाला

फार वर्षं झाली या गोष्टीला. भैरीच्या डोंगरात तेव्हा भर दुपारीही ऊन भुईला टेकत नसे, असं म्हणतात. त्या डोंगरात नवसू कातकरी कोळशाच्या भट्ट्या लावायचा. लाकडं रचायची, वर ओल्या पाल्याचा थर द्यायचा, त्यावर माती लिंपायची आणि आत विस्तव सोडायचा. वारा शिरला की कोळशाची राख होते. नवसूच्या भट्टीत वारा म्हणून कधी शिरला नाही.

त्याने ऐनाची झाडं तोडली, धावड्याची तोडली. मागोमाग गावचे लोक कुदळी घेऊन चढायचे, उरलेली खोडं मुळासकट उपटायचे आणि नाचणी पेरायचे. दोन-तीन पावसाळ्यांत माती वाहून गेली की पुढची मोकळी जागा धरायचे. नवसू पुढे, नाचणी मागे. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एवढा थोरला डोंगर, तो काय संपणार होता!

पण संपला. गावचा एकुलता एक झरा बारीक झाला आणि हंडा भरायला अर्धा दिवस लागू लागला. तरी नवसूने शेवटची झाडं तोडून भट्टी रचली. त्यांचा पाला लोकांनी पेरणीआधी शेत भाजायला केव्हाच ओरबाडून नेला होता. नवसू पाला शोधायला निघाला आणि दिवसभर फिरून हात हलवत परतला. सगळ्या डोंगरावर एक भट्टी झाकण्यापुरता पाला नव्हता.

त्याची बायको गोमी रिकामा हंडा घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "भट्टी उघडी ठेवू नाय म्हणतोस. आन् डोंगर रं?"

नवसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने भट्टी पेटवलीच नाही. अंगावरचं घोंगडं तिच्यावर पांघरलं, वर माती लिंपली आणि आपल्या वाटणीचं पाणी तिच्यावर शिंपडत बसला. लोक म्हणाले, याला वेड लागलं. असं म्हणतात, सातव्या दिवशी त्या तोडलेल्या लाकडांना कोंब फुटले. पाऊस आला तेव्हा तिथे पुरुषभर झाडं उभी होती आणि नवसू कुठेच नव्हता. घोंगडं तेवढं मुळांत गुंतलेलं सापडलं.

ती राई अजून आहे आणि झरा चैत्रातही आटत नाही. त्या गावात आजही कुणी खोड उपटत नाही. झाड तोडायचंच झालं, तर गुडघाभर राखून तोडतात, कापलेल्या जागी ओली माती लिंपतात आणि वर त्याच झाडाचा मूठभर पाला ठेवतात. मग खाली वाकून हळूच सांगतात, "नवसू, झाकलंय रं."