अध्यक्षांनी दिलेली भूल

डॉ. आश्लेषा बांदिवडेकर ऑपरेशनच्या वेळी रोग्यांना भूल द्यायच्या आणि उरलेल्या वेळात लिहायच्या. पहिल्या कादंबरीच्या प्रकाशनाला मात्र त्यांना खुर्चीत स्वस्थ बसवेना. अध्यक्ष प्राध्यापक निमकर तासभर बोलतच होते. सभागृह पेंगुळलं होतं.

“हल्ली कोणीही उठतो आणि लेखक होतो!” निमकर शेवटी कडाडले. “या बाईंचा धंदा माणसांना भूल देण्याचा. आता वाचकांची धडगत नाही!”

आश्लेषाताई तरातरा माईकपाशी गेल्या.

“सर, भूल देणं सोपं, ते तुम्ही चोख केलंत. आता सगळ्यांना शुद्धीवर आणायला मी उभी आहे.”

टाळ्यांच्या कडकडाटाने पहिल्या रांगेत घोरणारे प्रकाशक दचकून उठले. अध्यक्षांचं भाषण संपलं असं समजून त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.