बर्फातला पीच

युकिनोसावा गावात ऐन हिवाळ्यात, छपरापर्यंत बर्फ चढलेला असताना, घराघरांत चित्रासाठी राखलेल्या कोनाड्यात वसंतात फुलणाऱ्या पीचच्या झाडाची चित्रे टांगलेली दिसतात. लांब पट्टीवर डकवलेली, एरवी गुंडाळून पेटीत ठेवायची ही चित्रे. शहरातले जाणकार येतात आणि नाक मुरडतात. ऋतू पाहून चित्र टांगावे, एवढेही या खेडवळांना कळू नये! तेव्हा खानावळवाले म्हातारे किहेई त्यांच्यापुढे चहा ठेवतात आणि सांगू लागतात. असल्या जाणकारांची त्यांना मनस्वी चीड आहे.

पूर्वी इथे मुनेतादा नावाचा जमीनदार होता म्हणे. मोठा रसिक! म्हणजे तसे तो स्वतःच सांगत फिरायचा. चित्रापेक्षा पंचांगाकडे जास्त बघणारा रसिक. गावच्या चित्रकाराने काढलेली चार ऋतूंची चार चित्रे त्याच्याकडे होती; त्यातले वसंताचे चित्र म्हणजे फुललेला पीच. चित्रकार वारला होता. त्याची बायको ओसायो एका हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. वसंतापर्यंत ती तग धरणार नाही, हे लेक मित्सुला दिसत होते. आईचे मागणे एकच होते : नवऱ्याच्या हातचा पीच डोळे मिटण्याआधी एकदा बघायचा.

मित्सु बर्फ तुडवत हवेलीवर गेली.

"मालक, एक दिवस चित्र द्या. उद्या परत आणते."

"बर्फात पीच?" मुनेतादा हसला. "चित्रकाराची मुलगी ना तू? लाज वाटायला हवी. वसंतात ये, दाखवतो."

"तोवर आई राहायची नाही."

"मग तिच्यासाठी ऋतू बदलू का मी?"

मित्सु रिकाम्या हाताने परतली. आईला "उद्या आणते" म्हणाली. उजाडायच्या आत आई गेली. मित्सुला रडू आले नाही, नुसता संताप आला.

तिने आईला निरोप दिला त्याच सकाळी, असे सांगतात, हवेलीच्या अंगणातला खराखुरा पीच बर्फात बहरून आला. अख्खा गाव धावला. लोकांनी हात जोडले. आता तरी या माणसाला काही वाटेल, असे मित्सुला वाटले. मुनेतादाने झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळले, कपाळाला आठ्या घातल्या आणि अवेळी फुलले म्हणून ते तोडायला लावले!

लोकांनी फुललेल्या फांद्या उचलून घरी नेल्या, कोनाड्यात टांगल्या. त्या सुकल्या तेव्हा मित्सुने बापाचे कुंचले काढले आणि घरोघर पीच रंगवून दिला.

आजही जोराचा बर्फ पडू लागला की गावात पीच टांगतात. घरात कोणी आजारी असेल, तर चित्र आधी त्याच्या नजरेसमोर नेतात.

मुनेतादाचे पुढे काय झाले, असे पाहुणे विचारतात.

"काय व्हायचंय?" किहेई म्हणतात. "वसंत आला. त्यानं चित्र टांगलं, गावभर बोलावणं धाडलं. कुणी फिरकलं नाही. एकटाच बसला बघत. ऋतू मात्र अगदी बरोबर होता."