ज्वारीतला किडा, तुरीतला किडा

थोरला केरबा वारला त्याला महिना झाला होता. घरात आता धाकटा रायबा एकटाच. केरबानं स्वतः कणसं निवडून ठेवलेलं ज्वारीचं बियाणं तेवढं कणगीत उरलं होतं. एके सकाळी शेजारचे विश्वासराव पाटील चार माणसं घेऊन दारात उभे राहिले.

"माझी सगळी तूर किडली! किडा तुझ्याच ज्वारीतनं आला. पेटवून टाक ती कणगी!"

रायबाचं डोकं सणकलं. "भावाचं बी आहे ते. हात लावून तर बघा!"

"भाऊ गेला म्हणून काय त्याची कीड पोसायची? अरे, किडा तो किडा!"

रायबानं कणगीत हात घातला आणि एक किडा तळहातावर धरला. ही पारख त्याला केरबानंच शिकवली होती. "ही सोंड बघा, पाटील. हिनंच हा दाणा पोखरतो. तुमच्या तुरीत असा एक सोंडवाला दाखवा, कणगी मीच पेटवतो."

पाटलांनी सूपभर तूर मागवली, पाखडली. दाण्यांवर पांढरी अंडी चिकटलेली होती, गोल भोकं होती, भुंगे पळत होते. सोंड मात्र एकालाही नव्हती.

"काय हो पाटील," रायबा म्हणाला, "माझ्या भावाचा किडा तुमच्याकडं जेवायला आला, तो काय सोंड घरी काढून ठेवून आला?"

पाटलांची माणसंच खो खो हसली. पाटील सूप तिथंच टाकून निघाले.

सगळे पांगले. रायबानं दार लावलं, कणगीला पाठ टेकून बसला आणि केरबाला सांगावं तसं झालेलं सगळं पहिल्यापासून तिला सांगितलं.